दिलेला शब्द आणि कार्डिनल चेझारिनी

१४३१ सालचा ऑगस्ट महिना. बोहेमियाच्या पश्चिम सीमेवरच्या डोमाझ्लित्से गावाला जर्मन सरदारांच्या मोठ्या फौजेने वेढा घातला होता. पोपने पुकारलेले हे धर्मयुद्ध होते आणि शत्रू होते बोहेमियातलेच ख्रिस्ती, यान हुसचे अनुयायी. १४ तारखेला हुसपंथी सैन्य चालून येत असल्याची खबर आली. ते अजून नजरेच्या टप्प्यातही आले नव्हते. आधी कानावर आला त्यांच्या लढाऊ गाड्यांचा खडखडाट आणि पाठोपाठ हजारो गळ्यांतून उठलेले रणगीत. तेवढ्यानेच वेढा घालणाऱ्यांचा धीर सुटला. सरदार, स्वार, प्यादे, सगळे पश्चिमेच्या जंगलवाटांकडे पळत सुटले. या फौजेबरोबर पोपचा प्रतिनिधी म्हणून आलेला कार्डिनल जुलियानो चेझारिनीही त्या गर्दीत सापडला. पराभवाचे खापर आपल्याच माथी फुटेल आणि आपलेच सैनिक आपला जीव घेतील अशी भीती त्याला होती, म्हणून साध्या शिपायाचा वेश करून तो निसटला. त्याची कार्डिनलची टोपी, झगा, क्रूस आणि धर्मयुद्ध पुकारणारे पोपचे फर्मान हुसपंथीयांच्या लुटीत गेले.

चेझारिनी तेव्हा तेहेतीस वर्षांचा होता. पुढच्या तेरा वर्षांत त्याने युरोपातल्या तीन मोठ्या वाटाघाटी हाताळल्या. पाखंडी ठरवलेल्यांशी समेट, पूर्वेकडच्या ग्रीक चर्चशी ऐक्य आणि तुर्कांविरुद्धची आघाडी, या तिन्हींच्या केंद्रस्थानी तोच होता. पंधराव्या शतकातल्या पोपच्या दरबारी हुशार माणसांची वाण नव्हती. तरीही मला या माणसाचे चरित्र इतरांहून वेगळे वाटते, कारण त्याचा सगळा प्रवास एकाच प्रश्नाभोवती फिरतो: ज्याला आपण धर्माचा शत्रू मानतो, त्याला दिलेला शब्द पाळायचा की नाही? या प्रश्नाला त्याने आयुष्यात दोनदा उत्तर दिले आणि ती दोन उत्तरे एकमेकांच्या नेमकी विरुद्ध होती.

त्याचा जन्म १३९८ मध्ये रोममध्ये झाला. घराणे कुलीन, पण हाती पैसा नाही. पेरुजाला कायदा शिकत असताना रात्री वाचायला दिवा हवा म्हणून जेवणाच्या टेबलावर उरलेली मेणबत्त्यांची थोटके तो गोळा करून ठेवत असे, असे व्हेस्पासियानो दा बिस्तिच्ची या फ्लॉरेन्सच्या पुस्तकविक्रेत्याने लिहून ठेवले आहे. पुढे तो पादुआ विद्यापीठात धर्मकायदा शिकवू लागला. तिथे त्याच्या हाताखाली शिकलेल्यांत निकोलस कुसानुस हा मोझेल नदीकाठचा जर्मन तरुणही होता. मध्ययुगाच्या अखेरच्या काळातला हा सर्वांत स्वतंत्र बुद्धीचा विचारवंत. त्याने १४४० मध्ये पूर्ण केलेला आपला प्रसिद्ध ग्रंथ, ‘डे डॉक्टा इग्नोरान्शिया’, याच गुरूला अर्पण केला.

पोप मार्टिन पाचवा याने १४२६ मध्ये चेझारिनीला गुपचूप कार्डिनल केले आणि १४३० मध्ये ते जाहीर केले. नाव जाहीर न करता मनात ठेवण्याची ही पद्धत पोपच्या दरबारात आजही आहे. १४३१ च्या आरंभी त्याच्यावर दोन कामे एकदमच सोपवली गेली: जर्मनीत जाऊन हुसपंथीयांविरुद्ध फौज उभी करायची आणि बाझेल शहरात भरणाऱ्या सर्वसाधारण धर्मपरिषदेचे अध्यक्षपद सांभाळायचे. अशा कामावर जाणारा कार्डिनल म्हणजे पोपचा पूर्ण मुखत्यारी असलेला वकील. तो जाईल तिथे राजे वेशीपर्यंत सामोरे येत. त्याने केलेला करार पोपने केलेला करार मानला जाई. मात्र रोमहून बाझेलला पत्र जायला काही आठवडे लागत, त्यामुळे या वकिलाला पुष्कळदा धन्याची इच्छा ओळखूनच पाऊल टाकावे लागे. चेझारिनीच्या बाबतीत धनीच बदलला. मार्टिन फेब्रुवारीत वारला आणि मार्चमध्ये यूजीन चौथा गादीवर आला. त्याला परिषदांचे मुळीच प्रेम नव्हते.

परिषदांविषयीची ही धास्ती समजून घेतली पाहिजे. १३७८ पासून जवळजवळ चाळीस वर्षे पाश्चात्त्य चर्चमध्ये दोन आणि शेवटी तीन पोप एकमेकांना खोटे ठरवत बसले होते. तो घोळ मिटवला कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने. तिने १४१७ मध्ये नवा पोप निवडला आणि ठराविक वर्षांनी परिषद भरलीच पाहिजे असा नियमही केला. म्हणजे पोपच्या वर आणखी एक सत्ता उभी राहत होती. याच परिषदेने एक डाग मात्र मागे ठेवला. प्रागच्या यान हुसला पुढे सम्राट झालेल्या राजा सिगिस्मुंडच्या अभयपत्रावर कॉन्स्टन्सला बोलावले गेले, तिथे कैद केले गेले आणि ६ जुलै १४१५ रोजी जिवंत जाळले गेले. पाखंड्याला दिलेले अभय बंधनकारक नसते, अशी त्यामागची समजूत होती. बोहेमियाने त्याला उत्तर दिले ते बंडाने. शेतकरी आणि कारागीर यांनी लोखंडी साज चढवलेल्या गाड्यांचे कोट रचून एकामागून एक धर्मयुद्धे परतवली. डोमाझ्लित्सेचे पाचवे आणि शेवटचे.

पळून आलेला चेझारिनी सप्टेंबरमध्ये बाझेलला पोचला. दुसरा कोणी असता तर नवी फौज मागत बसला असता. याने मात्र एक गोष्ट पक्की ओळखली होती: या लोकांना तलवारीने नमवता येणार नाही, त्यांच्याशी बोललेच पाहिजे. परिषदेने बोहेमियाला पत्र पाठवून चर्चेचे निमंत्रण दिले. आणि नेमके त्याच सुमारास पोपने परिषद बरखास्त केल्याचे फर्मान काढले.

जानेवारी १४३२ मध्ये चेझारिनीने यूजीनला लिहिलेले पत्र हा त्या काळातल्या पत्रव्यवहारातला एक निर्भय दस्तऐवज आहे. हाताखालचा माणूस आपल्या धन्याला इतके स्पष्ट क्वचितच लिहितो. त्याच्या म्हणण्याचा गाभा असा: आम्ही बोहेमियाच्या लोकांना बोलावले आहे आणि आता परिषदच उधळली तर ते म्हणतील, आजवर चर्चच्या फौजा आमच्यापुढून पळत होत्या, आता तिचे विद्वानही पळाले. जर्मनीतल्या पाद्र्यांचे वर्तन इतके बिघडले आहे की सामान्य माणूस संतापलेला आहे. सुधारणा झाली नाही तर तोही हुसपंथीयांसारखा आमच्यावर उठेल आणि दोष आमचाच असेल. चर्चची पत वाचवायची तर दिलेले निमंत्रण मोडता कामा नये. मार्टिन लूथरच्या बंडाच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीचे हे पत्र आहे, हे लक्षात घेतले की चेझारिनीची नजर किती लांबवर पोचत होती ते कळते.

पोप बधला नाही, पण चेझारिनीने परिषद सोडली नाही. मे १४३२ मध्ये चेब गावी दोन्ही बाजूंची बोलणी झाली. हुसचे काय झाले हे बोहेमियात पोरासोरांनाही ठाऊक होते, म्हणून अभयाच्या अटींवर तिथे बारकाईने काम झाले. चर्चेत निवाडा कोणाचा मानायचा तेही ठरले: धर्मग्रंथ आणि ख्रिस्त, प्रेषित व आरंभीच्या चर्चचा आचार. ज्यांना पाखंडी म्हणून जाळायचे, त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने बसून असे नियम ठरवणे ही रोमच्या चर्चसाठी अपूर्व गोष्ट होती.

४ जानेवारी १४३३ रोजी बोहेमियाचे पथक बाझेलमध्ये शिरले तेव्हा त्यांना पाहायला रस्ते, खिडक्या, छपरे माणसांनी भरली होती. सगळ्यांच्या नजरा शोधत होत्या प्रोकोप होलीला, डोमाझ्लित्सेच्या विजयी सेनापतीला. तो मुळात धर्मोपदेशकच. बरोबर प्रागचा यान रोकित्साना होता आणि इंग्लंडहून परागंदा झालेला विद्वान पीटर पेनही होता. चेझारिनीने त्यांचे स्वागत लांबलचक पण आदबशीर भाषणाने केले. मग सुरू झाला वाद, चार मागण्यांवर. सामान्य भाविकालाही भाकरीबरोबर प्याल्यातला द्राक्षारस मिळावा, उपदेश मुक्तपणे करता यावा, पाद्र्यांनी ऐहिक मालमत्ता सोडावी आणि उघड पापांना शिक्षा व्हावी. एकट्या प्याल्याच्या प्रश्नावर रागुसाचा योहान आठ दिवस बोलला. बोलताना तो वारंवार ‘पाखंडी’ म्हणू लागला तेव्हा प्रोकोप भडकला. आपल्यासारखाच स्लाव्ह असलेला माणूस आपल्याला असे बोलतो याचा त्याला जास्त राग आला.

या तीन महिन्यांचा वृत्तांत पथकातल्याच झातेत्सच्या पेटरने रोजनिशीच्या रूपात लिहिला, म्हणून चेझारिनीची काम करण्याची तऱ्हा आपल्याला विरोधकाच्या नजरेने पाहायला मिळते. भिक्षू संघ ही सैतानाची निर्मिती आहे असे तुम्ही म्हणालात म्हणे, असे त्याने प्रोकोपला भर सभेत विचारले. प्रोकोप उभा राहिला. बिशप प्रेषितांचे वारस, पाद्री ख्रिस्ताच्या इतर शिष्यांचे वारस, मग हे उरलेले सैतानाकडून नाही तर कुठून आले, असा उलट सवाल त्याने टाकला. सभेत हशा पिकला. चेझारिनीने तो पिकू दिला. खासगीत तो प्रोकोपला घरी बोलावी, जेवू घाली, गप्पा मारी. दोन वर्षांपूर्वी ज्याच्या गाड्यांचा आवाज ऐकून तो पळाला होता, त्याच माणसाशी त्याची ही मैत्री जुळली.

एप्रिलमध्ये बोहेमियाचे लोक परत निघाले ते सगळे सुखरूप. माझ्या मते चेझारिनीच्या कारकिर्दीतले हे सर्वांत मोठे यश, कारण कॉन्स्टन्सच्या चितेनंतर अठरा वर्षांनी त्याच चर्चने दिलेले अभय खरे ठरले. पुढचे प्रागमध्ये आणि रणांगणावरही ठरले. ३० मे १४३४ रोजी लिपानीच्या लढाईत हुसपंथीयांतल्याच मवाळ गटाने कॅथलिक सरदारांशी हातमिळवणी करून जहालांचा मोड केला आणि प्रोकोप मारला गेला. ५ जुलै १४३६ रोजी यिह्लावा येथे सम्राट सिगिस्मुंडसमोर समेटाचा करार जाहीर झाला. बोहेमियात प्याला सामान्यांच्या ओठी लागला. पाच धर्मयुद्धांनी जे साधले नाही ते बोलण्याने साधले.

पोपनेही १४३३ च्या अखेरीस माघार घेऊन परिषदेला मान्यता दिली होती. पण परिषद आता पोपचे उत्पन्न आणि अधिकार कापत सुटली आणि चेझारिनी हळूहळू तिच्यापासून दुरावला. तुटण्याचे निमित्त झाले ग्रीक. तुर्कांच्या कोंडीत सापडलेला कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट योहान आठवा पाश्चात्त्य चर्चशी ऐक्याची बोलणी करायला तयार होता. बैठक कुठे घ्यायची? बहुमत म्हणाले अविन्यों, अल्पमत म्हणाले इटली. ७ मे १४३७ रोजी बाझेलच्या कॅथेड्रलमध्ये दोन्ही गटांनी आपापले ठराव एकाच वेळी मोठ्याने वाचले. अल्पमताच्या ठरावावर परिषदेची मोहर पुढे चोरून उमटवली गेली. चेझारिनी अल्पमताच्या बाजूने होता. जानेवारी १४३८ मध्ये त्याने बाझेल सोडले आणि तो फेराराला पोपकडे गेला. मागे उरलेल्यांनी पुढे दुसरा पोप निवडला.

फेरारा आणि नंतर फ्लॉरेन्स इथे तो लॅटिन पक्षाचा प्रमुख वक्ता झाला. सुमारे ७०० माणसे घेऊन ग्रीक आले होते. त्यांच्या खर्चाला पोपकडे पैसा पुरेना आणि शहरात प्लेगही पसरला, म्हणून मेदिची घराण्याच्या आधारावर १४३९ च्या आरंभी परिषद फ्लॉरेन्सला हलली. वादाचा मुख्य मुद्दा होता श्रद्धावचनात लॅटिन चर्चने घातलेला एक शब्द: पवित्र आत्मा पित्यापासून ‘आणि पुत्रापासून’ निघतो. चेझारिनीने एक जुने हस्तलिखित पुढे केले. सातव्या परिषदेच्या त्या लॅटिन वृत्तांतात हा शब्द होता. त्यावर प्लेथोन या वृद्ध ग्रीक तत्त्वज्ञाने विचारले की हा पुरावा खरा असता तर तुमच्या थोर पंडितांनी इतकी शतके तो वापरला का नाही? प्रश्न बिनतोड होता. तरी महिनोन्‌महिने चाललेल्या चर्चेनंतर, तुर्कांच्या भीतीने वाकलेल्या सम्राटाच्या दबावाखाली, ऐक्याचा मसुदा तयार झाला. ६ जुलै १४३९ रोजी ब्रुनेलेस्कीच्या नव्या घुमटाखाली चेझारिनीने तो लॅटिनमध्ये वाचला आणि ग्रीक पक्षातल्या बेसारिओनने ग्रीकमध्ये. इफेससच्या मार्क युजेनिकोसने सही केली नाही, आणि कॉन्स्टँटिनोपलच्या जनतेने पुढे त्याचीच बाजू घेतली.

ऐक्याच्या मोबदल्यात ग्रीकांना हवी होती फौज. ती उभी करायला १४४२ मध्ये चेझारिनी हंगेरीत गेला. तिथे गादीवरून भाऊबंदकी पेटली होती. एका बाजूला पोलंडहून बोलावलेला तरुण राजा व्लादिस्लाव, दुसऱ्या बाजूला दिवंगत राजाची विधवा एलिझाबेथ आणि तिचे तान्हे मूल. वर्षअखेर चेझारिनीने दोघांत तह घडवला आणि लगेच काही दिवसांत एलिझाबेथ वारली. पुढच्या शरदात राजा, सेनापती यानोश हुन्यादी, सर्बियाचा जुराज ब्रांकोविच आणि चेझारिनी स्वतः अशी मोहीम डॅन्यूब ओलांडून निघाली. निश पडले, सोफिया पडले. डिसेंबरात झ्लातित्साच्या खिंडीत बर्फाने आणि तुर्कांनी त्यांना अडवले तेव्हा ते परतले, पण विजयी म्हणून. एप्रिल १४४४ मध्ये बुडा येथे राजाने चेझारिनीसमोर शपथ घेतली की याच उन्हाळ्यात पुन्हा चढाई करीन.

आणि मग सुलतान मुराद तहाला तयार झाला. त्याच्या मागे अनातोलियात कारामानचे बंड होते. १२ जून रोजी एदिर्नेत त्याने शपथ घेतली: दहा वर्षे युद्धबंदी, ब्रांकोविचला त्याचे किल्ले आणि सुलतानाच्या हुकमाने डोळे काढलेले त्याचे दोन मुलगे परत. हंगेरीसाठी ही फार चांगली कमाई होती. तिकडे पोप, व्हेनिस आणि बर्गंडी यांची गलबते मात्र युरोप आणि आशियामधल्या सामुद्रधुनीकडे आधीच निघाली होती. सुलतान आशियात अडकला आहे, समुद्र बंद होतो आहे, अशी संधी पुन्हा यायची नाही, असे चेझारिनीला वाटले. त्या वेळी मांडला गेलेला युक्तिवाद कायद्याच्या प्राध्यापकाला साजेसा होता. बुडाची शपथ आधीची. पोपच्या संमतीवाचून आणि ख्रिस्ती जगाच्या हिताविरुद्ध, धर्माच्या शत्रूशी केलेला तह बंधनकारक नाही. ४ ऑगस्ट १४४४ रोजी सेगेड येथे राजाने कोणताही तह आड येऊ न देता युद्धावर जाण्याची घोषणा केली.

राजाने तहाची शपथ खरोखर घेतली होती का, यावर इतिहासकारांत मोठा वाद आहे. ओस्कार हालेत्स्की या पोलिश इतिहासकाराने विसाव्या शतकात जोरदार प्रतिपादन केले की व्लादिस्लावने ती घेतलीच नव्हती. तसे असले तरी चेझारिनीची जबाबदारी कमी होत नाही. राजाच्याच वकिलाने एदिर्नेत बोलणी केली होती, आणि त्या शब्दावर विसंबून मुराद आपल्या बारा वर्षांच्या मुलाला युरोपात ठेवून आशियात गेला होता. ‘दिलेला शब्द मोडला तर चर्चची पत जाते’ हे बाझेलहून पोपला बजावणारा माणूस आता शब्द मोडण्याचे शास्त्र सांगत होता. मला हा ढोंगीपणा वाटत नाही. कॉन्स्टँटिनोपल वाचवायचे तर हीच वेळ, अशी त्याची प्रामाणिक खात्री होती आणि फ्लॉरेन्समध्ये ग्रीकांना दिलेल्या शब्दाचे ओझेही त्याच्यावर होते. प्रोकोपला त्याने समोर बसवून माणूस म्हणून ओळखले होते. मुरादला तो कधी भेटला नाही.

ब्रांकोविचने किल्ले ताब्यात घेतले आणि तो मोहिमेत आलाच नाही. सुमारे २०,००० चे सैन्य सप्टेंबरात निघाले. मुराद ऑक्टोबरात बॉस्फरस ओलांडून परतला. गलबते त्याला रोखू शकली नाहीत. ९ नोव्हेंबरच्या रात्री काळ्या समुद्राकाठी व्हार्नाजवळ ख्रिस्ती सैन्य एका बाजूला समुद्र, दुसरीकडे सरोवर आणि तिसरीकडे टेकड्या अशा सापळ्यात होते आणि चौथ्या बाजूने दुपटीहून मोठी तुर्की फौज आलेली होती. युद्धसभेत चेझारिनी म्हणाला, गाड्यांचा कोट करा आणि आरमार येईपर्यंत आतून लढा. बोहेमियाकडून त्याने शिकलेला हा धडा होता. छावणीत गाड्या होत्या, त्या चालवणारे चेक सैनिकही होते. पण हुन्यादीने मैदानात उतरण्याचा आग्रह धरला आणि राजाने त्याचे ऐकले.

दुसऱ्या दिवशी लढाई बराच वेळ तोलावर राहिली. मग नुकत्याच विशीत आलेल्या राजाने थेट सुलतानाच्या तळावर घोडे घातले आणि सुलतानाच्या खास पायदळाने, जानिसारींनी, त्याचे डोके उडवले. मोडलेला तहनामा मुरादने भाल्यावर लावून रणांगणात मिरवला, अशी कथा तेव्हापासून सांगितली जाते. हुन्यादी निसटला. चेझारिनी पळताना मारला गेला. कोणी म्हणतात जखमी अवस्थेत तुर्कांनी गाठला, कोणी म्हणतात डॅन्यूब पार करवणाऱ्या नावाड्याने अंगावरच्या सोन्यासाठी मारला. तो सेहेचाळीस वर्षांचा होता. रोममध्ये त्याच्या मृत्यूवर शोकभाषण लिहिले ते पोज्जो ब्राच्चोलिनी या मानवतावादी लेखकाने.

बाझेलमध्ये घडलेल्या समेटातून बोहेमियाला मिळालेला प्याला १४६२ मध्ये पोप पायस दुसरा याने नामंजूर केला. हा पायस म्हणजे तरुणपणी बाझेलमध्ये कारकुनी करणारा एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी. फ्लॉरेन्सचे ऐक्य १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलबरोबर संपले. शहर घेतले ते मुरादच्या त्याच मुलाने, मेहमेदने. १४५५ मध्ये रोमने हंगेरीत पुन्हा एक वकील पाठवला, स्पेनचा कार्डिनल हुआन कार्वाहाल. चेझारिनीने कारकिर्दीच्या आरंभी भूषवलेले सांत’आंजेलोचे कार्डिनलपद आता त्याच्याकडे होते. पुढच्याच वर्षी मेहमेद बेलग्रेडवर चालून आला तेव्हा कार्वाहाल बुडात राहून सैनिक आणि रसद गोळा करत होता. हुन्यादीने या वेळी नदीचा आणि तटबंदीचा आधार घेतला आणि बेलग्रेड वाचवले.